मंचुरियनचे कूळ आणि मूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. खाद्यपदार्थांच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. अलिबाग, नागाव, मुरूड, श्रीवर्धन या किनाऱ्याने जावे, तर मासळीच्या थाळ्यांच्या आणि घरगुती जेवणाच्या पाट्यांच्या शेजारी ‘चायनीज’ ही पाटी दिसतेच आणि तिच्या यादीत व्हेज मंचुरियन असतेच. त्यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. एक, हे खरे चिनी नव्हे. दोन, हे कोकणातले नव्हे. दोन्ही विधाने वरवर पाहता खरी आहेत. परंतु त्यांच्या मुळाशी ‘अस्सल’ या कल्पनेविषयीची जी समजूत आहे, ती आम्हांला तपासून पाहण्यासारखी वाटते. कारण साहित्याच्या चर्चेतही आपण तीच वापरतो.

आधी नावाचे पाहू. मांचुरिया हा चीनच्या ईशान्येकडचा प्रदेश. तिथल्या मांचू लोकांच्या छिंग घराण्याने १६४४ ते १९१२ या काळात चीनवर राज्य केले. आपल्या मंचुरियनचा या प्रदेशाशी किंवा घराण्याशी काहीही संबंध नाही. त्याचा जन्म मुंबईचा. कोलकात्याच्या चिनी वस्तीतून आलेले नेल्सन वांग यांनी १९७५ साली क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात तो प्रथम केला, अशी सर्वपरिचित हकीकत आहे. आले, लसूण आणि हिरवी मिरची ही देशी सुरुवात. मग गरम मसाल्याऐवजी सोया सॉस. आणि रस दाट करण्यासाठी कॉर्नफ्लोअर. मूळ पदार्थ कोंबडीचा होता. शाकाहारी गिऱ्हाइकांच्या देशात त्याची जागा दक्षिणेत फुलकोबीने आणि आपल्याकडील गाड्यांवर मुख्यतः पानकोबीने घेतली. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झाले, तेव्हा, ही हकीकत प्रमाण मानली तर, मंचुरियन नावाचा पदार्थच जगात नव्हता.

तरीही तो मराठी जिभेला परका का वाटला नाही? याचे उत्तर पाककृतीच्या रचनेत आहे. कोबी बारीक चिरून मीठ लावावा, सुटलेले पाणी पिळून काढावे, मैदा व कॉर्नफ्लोअर यांत तो बांधून गोळे तळावेत. मैद्याने गोळा धरून राहतो. कॉर्नफ्लोअरमध्ये ग्लूटेन नसल्यामुळे कवच चिवट न होता कुरकुरीत होते. पाणी नीट पिळले नाही, तर पीठ जास्त लागते आणि गोळा आतून गिच्च राहतो. मग मोठ्या आचेवर आले-लसूण परतून, सोया सॉस घालून, पाण्यात कालवलेल्या कॉर्नफ्लोअरने दाटपणा आणायचा आणि अगदी शेवटी गोळे सोडायचे, म्हणजे कुरकुरीतपणा टिकतो. आता यातले सोया सॉस क्षणभर बाजूला ठेवावे. उरते ते काय? तळलेली भजी आणि पीठ लावून दाट केलेला रस. कढीगोळे आणि गोळ्यांची आमटी ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या होत आली, तिथे या रचनेची ओळख करून द्यावी लागत नाही. शब्द नवे असले, तरी वाक्यरचना जुनीच होती.

‘कोकणातले नव्हे’ हा दुसरा आक्षेप तर याच किनाऱ्यावर सर्वांत दुबळा ठरतो. अलिबागच्या दक्षिणेला चौल आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात त्याचा उल्लेख आहे आणि दहाव्या शतकाच्या प्रारंभी अरब प्रवासी अल-मसूदी तिथे येऊन गेला होता. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी रेवदंड्याला ठाणे केले. ते १७४० मध्ये मराठ्यांकडे आले. समोरच्या कोर्लई गावात पोर्तुगीज-मिश्रित बोली आजही बोलली जाते. आता मंचुरियनचे घटक पाहावेत. मिरची अमेरिकेतली, पोर्तुगीजांच्या व्यापाराने हिंदुस्थानात पोहोचलेली. मका अमेरिकेतला. ‘कोबी’ हा शब्दच पोर्तुगीज. ‘बटाटा’ आणि ‘पाव’ यांचा सोबती. ज्या मिरचीवाचून कोकणी कालवणाची कल्पना करवत नाही, तीही कधीतरी परकी होती.

नावांची गंमतही जुनीच आहे. ‘दालचिनी’ म्हणजे फारसी दार-चीनी, चिनी लाकूड. सिंहलद्वीपाहून आलेली साल असली, तरी तिच्या नावात चीनच राहिला. दूरदेशीच्या वस्तूला चीनचे नाव मिळणे हा भाषेचा जुना परिपाठ आहे. मंचुरियन त्याच रांगेतले सर्वांत धाकटे भावंड.

येथवर हे सारे सुखाने झाले असे वाटेल. तसे ते झालेले नाही. हुगळीकाठच्या अचिपूरला अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तोंग अच्यू याने साखरेचा कारखाना घातला, तेव्हापासून बंगालमध्ये चिनी वस्ती आहे. मुंबईतही माझगावात चिनी समाजाने १९१९ साली बांधलेले मंदिर आहे. ज्या भाऊच्या धक्क्यावरून अलिबागकडे जाणारी माणसे निघतात, तो याच माझगावात. १९६२ च्या युद्धानंतर या समाजातील सुमारे तीन हजार माणसांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. त्यांतले कित्येक जन्माने इथलेच होते. अनेकांनी नंतर देश सोडला. त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांनी मंचुरियन जन्मले. समाज ओसरत गेला आणि त्याच्या नावाचा पदार्थ खेडोपाडी पोहोचला. आज किनाऱ्यावरच्या गाडीवर कढई हलवणारा आणि खाणारा, दोघांनाही ही गोष्ट ठाऊक असण्याचे कारण नाही. पदार्थ आपला करून घेताना माणसे परकी ठरवता येतात, हे या इतिहासातील कटू वाक्य आहे.

भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादामुळे ‘देशीकरण’ हा शब्द मराठी समीक्षेत रुळला. बाहेरून आलेली गोष्ट इथल्या गरजेप्रमाणे वळवून घेणे हा त्याचा चांगला अर्थ. मंचुरियन हे त्याचे निर्दोष उदाहरण मानावे, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. २०२४ च्या आरंभी गोव्यातील म्हापसा नगरपालिकेने गोबी मंचुरियनच्या विक्रीला बंदी केली. मार्चमध्ये कर्नाटकाने त्यातील कृत्रिम रंगांना मनाई केली. रंगाची तक्रार रास्त आहे. परंतु ती आरोग्याची तक्रार आहे आणि ती तशीच मांडली पाहिजे. रंग तपासावा, तेल तपासावे. ‘हे आपले नव्हे’ हा शेरा त्या तपासणीत मिसळू नये.

कूळ आणि मूळ विचारू नये, हे म्हणूनच आम्हांला पटत नाही. विचारावे, आणि शेवटपर्यंत विचारावे. अर्ध्यावर थांबले, की ‘अस्सल’ आणि ‘भेसळ’ असे दोनच कप्पे हाती येतात. पुढे गेले, तर एका वाडग्यात मुंबईचा क्लब, कोलकात्याची वस्ती, अमेरिकेचा मका, पोर्तुगीजांचा कोबी, आपली गोळ्यांची आमटी आणि देवळीचे काटेरी कुंपण, असे सगळे सापडते. साहित्याच्या वर्गात एखाद्या कृतीवरचा ‘परका प्रभाव’ शिकवताना हे ध्यानात ठेवले, तर प्रभाव कोठून आला एवढ्यावर न थांबता तो आणणाऱ्यांचे पुढे काय झाले, हेही आपण विचारू.