घरघर: शांत संगणकाच्या शोधाचा इतिहास

आधुनिक संगणकाचा आद्य कल्पक म्हणून ज्याचे नाव घेतले जाते तो चार्ल्स बॅबेज आवाजाचा कट्टर वैरी होता, ही गोष्ट संगणकाच्या इतिहासात सहसा तळटिपेपुरतीच येते. लंडनच्या डॉर्सेट स्ट्रीटवरील त्याच्या घरासमोर ऑर्गनवाले आणि फिरते वादक ठाण मांडत. १८६४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्याने रस्त्यावरील उपद्रवांना एक स्वतंत्र प्रकरण दिले आणि आपल्या कार्यशक्तीचा चौथा हिस्सा या मंडळींनी नासवला, असा चोख हिशेब मांडला. त्याच वर्षी मायकेल बास या खासदाराच्या पुढाकाराने रस्त्यावरील वादनाला आळा घालणारा कायदा झाला. बासला पाठिंबा देणाऱ्या पत्रावर डिकन्स, टेनिसन, कार्लाईल अशा लेखकांच्या सह्या होत्या. कार्लाईलने तर त्याआधीच, १८५३ मध्ये, चेल्सीतील आपल्या घराच्या माथ्यावर दुहेरी भिंतींची अभ्यासिका बांधायला काढली होती. ‘फ्रेडरिक द ग्रेट’चा प्रचंड चरित्रग्रंथ त्याने तिथे बसून लिहिला, पण खोली ध्वनिरोधक झाली नाही, ती नाहीच.

बॅबेजचे यंत्र त्याच्या हयातीत पुरे झाले नाही. लंडनच्या सायन्स म्युझियमने त्याच्या दुसऱ्या डिफरन्स इंजिनाचा गणन करणारा भाग १९९१ मध्ये, त्याच्याच आराखड्यांवरून, बांधून दाखवला. दांडा फिरवला की हजारो धातुखंड हलू लागतात आणि जो खणखणाट होतो तो ऐकून वाटते, की या गृहस्थाला ऑर्गनवाल्यांविषयी तक्रार करण्याचा फारसा अधिकार उरला नसता.

विचार करण्यासाठी शांतता हवी आणि विचाराचे यंत्र मात्र गोंगाट करणार, हा पेच पुढे संगणकाने वारशाने घेतला. १९४६ मध्ये जगापुढे आलेल्या एनियॅकमध्ये सुमारे अठरा हजार निर्वात नलिका होत्या. त्याला १५० किलोवॉट वीज लागे आणि तिची उष्णता बाहेर काढण्यासाठी मोठमोठे झोतपंखे चालत. पण ते यंत्र विद्यापीठात होते. त्याच्या शेजारी कुणी झोपत नव्हते. आवाजाचा खरा प्रश्न उभा राहिला तो यंत्र घरात शिरल्यावर.

येथे एक भौतिक सत्य लक्षात ठेवावे लागते. संगणक जेवढी वीज घेतो तेवढीच, जवळजवळ शेवटच्या वॉटपर्यंत, उष्णता म्हणून बाहेर टाकतो. गणिताचे उत्तर किंवा पडद्यावरचे चित्र यांत ऊर्जा साठून राहत नाही. म्हणजे संगणकाचा आवाज हा गणनाचा आवाज नाही, तो गणनाची राख उपसण्याचा आवाज आहे. वेग वाढवायचा तर वीज वाढते, वीज वाढली की उष्णता, उष्णता वाढली की वारा, आणि वारा फुकट मिळत नाही.

घरगुती संगणकाची सुरुवात मात्र शांततेने झाली. १९७७ च्या ॲपल टूमध्ये पंखा नव्हता. स्टीव्ह जॉब्स यांना पंख्याचा आवाजच नको होता आणि रॉड होल्ट यांनी कमी तापणारा वीजपुरवठा रचून ती इच्छा पुरी केली. हाच हट्ट १९८० च्या ॲपल थ्रीला भोवला. पंख्याविना ते यंत्र तापे, त्यातील चिप आपल्या जागेवरून निसटत, आणि यंत्र दोन-तीन इंच उचलून टेबलावर आपटा म्हणजे त्या पुन्हा बसतील, असा सल्ला कंपनीच्याच लोकांकडून दिला जाई. १९८१ च्या आयबीएम पीसीने असला सौंदर्यविचार केला नाही. त्याच्या वीजपुरवठ्यात (आपण त्याला एसएमपीएस म्हणतो) पहिल्या दिवसापासून पंखा होता. जग आयबीएमच्या मागे गेले. जॉब्स यांचा हट्ट शास्त्राला सोडून असला, तरी तो मला या इतिहासातला पहिला सौंदर्यशास्त्रीय निर्णय वाटतो.

पुढची पंधरा-वीस वर्षे पंख्यांच्या संख्यावाढीची आहेत. १९९३ च्या पेन्टियमपासून प्रोसेसरच्या डोक्यावर हीटसिंक आणि त्यावर चिमुकला पंखा हे दृश्य रूढ झाले. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हा आराखडा आणला. मदरबोर्ड, कॅबिनेट आणि एसएमपीएस यांची मापे ठरून गेल्यामुळे सुटे भाग आणून घरी संगणक जोडणे आणि पुढे त्यातला एखादाच भाग बदलणे कुणालाही जमू लागले. १९९९ च्या जीफोर्स २५६ या ग्राफिक्स कार्डावरही पंखा आला. या काळातील हौशी जोडणाऱ्यांना आवाजाची भीती नव्हती, उलट तो पराक्रमाची खूण होता. प्रोसेसरला त्याच्या नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचे आणि तो जळू नये म्हणून मिनिटाला सात हजारांच्या आसपास फेरे घेणारे डेल्टा कंपनीचे ६० मिलिमीटरचे पंखे लावायचे, अशी ती मर्दुमकी होती. इंटेलचे पॅट गेल्सिंगर यांनी २००१ मध्ये इशारा दिला, की हीच चाल राहिली तर चिपच्या पृष्ठभागावरील उष्णतेची घनता अणुभट्टीच्या, मग रॉकेटच्या नळीच्या आणि अखेर सूर्याच्या पृष्ठभागाच्या बरोबरीला जाईल.

ज्या मनोरंजनासाठी हा खटाटोप चालला होता त्याच्याकडेही पाहायला हवे. संगणकावरील खेळ म्हटले की गोळीबार आठवतो, पण नव्वदच्या दशकातील काही महत्त्वाचे खेळ श्रवणाचे होते. ‘मिस्ट’ (१९९३) मधील निर्मनुष्य बेटाचा परिणाम लाटा, वारा आणि यंत्रांची दूरची कुजबुज यांवर उभा आहे. ‘थीफ: द डार्क प्रोजेक्ट’ (१९९८) मध्ये तर खेळाडू चोर आहे, पहारेकऱ्याची पावले कोणत्या दिशेने येतात हे त्याने कानाने ओळखायचे असते. आपले पाऊल गालिच्यावर पडले तर निभावते, लोखंडी जाळीवर पडले तर घात होतो. वाजणारी फरशी मऊ करण्यासाठी शेवाळाचे बाण आहेत. असा खेळ ज्या यंत्रावर खेळायचा ते यंत्रच मांडीशेजारी घोंघावत असेल, तर तो रसभंग आहे, आणि हा शब्द मी संस्कृत काव्यशास्त्रातल्या अर्थानेच वापरतो. रंगमंचावर अंधारी रात्र चालू असताना विंगेत कुणी भांडी घासावीत तसा हा प्रकार आहे. कल्पित शांतता जितकी दाट रंगवायची, तितका तिला रंगवणाऱ्या यंत्राचा प्रत्यक्ष गोंगाट जास्त.

या विरोधाभासाचा कळस २००३ च्या जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा या कार्डात झाला. साधे काम चालू असता ते बऱ्यापैकी गप्प असे आणि खेळ सुरू होताच त्याचा झोतपंखा असा किंचाळे, की लोकांनी त्याला ‘डस्टबस्टर’, म्हणजे हातातला व्हॅक्यूम क्लीनर, असे नाव ठेवले. एनव्हिडियाने स्वतःच या कार्डाची चेष्टा करणारी एक चित्रफीत काढली. तीत हेच कार्ड वाळलेला पाचोळा उडवायला वापरलेले दिसते. कंपनीच्या खिलाडूपणाचे कौतुक करावे, पण आवाज हा आता दोष ठरला आहे याची ती कबुलीच होती.

तोवर दुसरीकडे एक वेगळी मंडळी कामाला लागली होती. कॅनडात माइक चिन यांनी २००२ मध्ये ‘सायलेंट पीसी रिव्ह्यू’ सुरू केला. वेगाऐवजी शांतता मोजणारी ही समीक्षा होती, आणि ‘समीक्षा’ हा शब्द येथे अतिशयोक्तीचा नाही. डेसिबलचा आकडा आवाजाची पातळी सांगतो, त्याचा स्वभाव सांगत नाही, हे तिथे लवकर लक्षात आले. त्याच आकड्याचा एक आवाज कान विसरतो आणि दुसरा डोक्यात शिरतो. म्हणून त्यांना आवाजाच्या वर्णनाची भाषा घडवावी लागली. मराठीला ती जवळपास आयती मिळाली असती: पंख्याच्या बॉल बेअरिंगची खरखर, हार्ड डिस्कची कटकट, जाळीतून घुसणाऱ्या वाऱ्याची शीळ, वीजपुरवठ्यातील वेटोळ्याची किर्र, दोन पंखे जवळजवळ सारख्या गतीने फिरताना उठणारी चढउताराची भणभण. आपल्या ध्वन्यनुकारी शब्दांकडे आपण बालगीतांचे खेळणे म्हणून पाहतो. त्यांची वर्गीकरणाची ताकद अशा ठिकाणी कळते. (‘घरघर’ मात्र आपण मरणासन्न माणसासाठीही राखून ठेवली आहे.)

या मंडळींचे तंत्र मुळात साधे होते. पंख्याची गती निम्मी केली की वारा निम्मा होतो, आवाज मात्र सुमारे पंधरा डेसिबलने उतरतो. आणि दहा डेसिबलचा उतार कानाला साधारण निम्म्यासारखा वाटतो. म्हणजे गती सोडून द्यायची आणि आकार वाढवायचा: ८० मिलिमीटरचा पंखा काढून १२०चा बसवायचा. बारा व्होल्टच्या पंख्याची एक तार पाच व्होल्टला जोडून त्याला सातच व्होल्ट द्यायचे, ही तर गरिबाची युक्ती. हार्ड डिस्क लवचीक पट्ट्यांवर टांगायची, म्हणजे तिचा कंप कॅबिनेटच्या पत्र्याला लागत नाही. सीगेटने २००१ च्या बाराकुडा एटीए फोरमध्ये बॉल बेअरिंगच्या जागी तेलाच्या पातळ थरावर फिरणारे बेअरिंग वापरले तेव्हा या मंडळींना सण झाला.

मग उद्योग मागोमाग आला. कोरियाच्या झालमनने फुलासारखे पसरलेले हीटसिंक आणले, अँटेकने २००३ मध्ये एका कॅबिनेटला ‘सोनाटा’ असे नाव देऊन त्याला पियानोचा काळा चकचकीत रंग दिला, आणि २००५ मध्ये त्याच कंपनीने माइक चिन यांच्या सल्ल्याने ‘पी १८०’ रचला. त्यात एसएमपीएसला तळाशी वेगळे दालन होते. त्याच वर्षी ऑस्ट्रियात नॉक्टुआ ही कंपनी सुरू झाली. तिचे पंखे तपकिरी आणि दुधी, म्हणजे जुन्या सरकारी कचेरीच्या भिंतीसारखे. पण ते कुरूप असूनही नावाजले गेले, कारण त्यांना पाहायचे नसून न ऐकायचे होते. नावाचा अर्थ लॅटिनमध्ये लहान घुबड. आपला पिंगळा त्याचाच भाऊबंद, आणि तो मुळीच अबोल नाही, ही गोष्ट वेगळी.

प्रोसेसरच्या बाजूनेही माघार झाली. २००४ चा ‘प्रेस्कॉट’ पेन्टियम शंभर वॉटच्या पुढे गेला, त्याचा नियोजित वारस ‘तेहास’ इंटेलने त्याच वर्षी रद्द केला, आणि २००६ चा कोअर टू ड्युओ ६५ वॉटमध्ये अधिक काम करू लागला. २००८ पासून सॉलिड स्टेट डिस्क परवडण्याच्या दिशेने सरकू लागल्या आणि फिरणारी तबकडी हळूहळू घरगुती यंत्रातून गेली. तिच्याबरोबर कटकटही गेली; काहींना ती आठवते, मला आठवत नाही.

या साऱ्या इतिहासात एक गृहीतक लपलेले आहे: खोलीचे तापमान. शांततेची मोजमापे बहुधा वीस-बावीस अंशांच्या खोलीत झाली. हीटसिंक ६२ अंशांवर ठेवायचा असेल तर २२ अंशांच्या खोलीत हवेला चाळीस अंशांचा उतार मिळतो. नागपुरात मे महिन्यात खोली ३८ अंशांवर असेल तर चोवीसच. तेवढीच उष्णता काढायला पंख्याला कितीतरी जास्त पळावे लागते. भरीला आपली धूळ, जी हीटसिंकच्या पात्यांमध्ये गोधडीसारखी बसते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून भाग आणून ज्यांनी संगणक जोडून घेतला त्यांना कॅबिनेटसोबत जणू फुकट मिळणारा एसएमपीएस आठवत असेल. त्याच्या आवाजाची चौकशी कुणी केल्याचे मी ऐकले नाही. डोक्यावर छताचा पंखा फिरत असताना वीस डेसिबलचा संगणक आणि तीस डेसिबलचा संगणक यांत भेद करणार कोण?

पण छताचा पंखा थंडीत बंद होतो, आणि तेव्हा आणखी एक गोष्ट उघडी पडते. खेळणारा कानांवर हेडफोन चढवतो. त्याच्यापुरती घरघर संपते. तिथेच, दोन हातांवर, झोपलेल्या माणसापुरती ती सुरू राहते. एका खोलीच्या घरात हा फरक लहान नाही. बॅबेजला रस्त्यावरचा ऑर्गन निदान पोलिसांकरवी हलवता येत होता. हेडफोन हा शांततेचा उपाय म्हणून सांगितला जातो, तेव्हा त्या यंत्राचा आवाज घरात नक्की कुणाच्या वाट्याला आला, हे विचारले जात नाही. शांत यंत्र जोडणारे लोक चोखंदळ, किंचित विक्षिप्त म्हणून हसण्यावारी नेले जातात. मला ते या कारणासाठी बरे शेजारी वाटतात.

आजची स्थिती मिश्र आहे. २०१४ च्या सुमारापासून अनेक ग्राफिक्स कार्डांचे पंखे काम नसताना पूर्ण थांबतात. लिहिता-वाचताना नवा संगणक जवळजवळ मुका असतो. खेळ सुरू झाला की मात्र जुना हिशेब पुन्हा उघडतो: २०२२ चे आरटीएक्स ४०९० कार्ड ४५० वॉट घेते, २०२५ चे ५०९० कार्ड ५७५. एका कार्डाची ही उष्णता एका छोट्या रूम हीटरच्या तोडीची आहे. ती न ओरडता बाहेर काढता यावी म्हणून हीटसिंक विटेएवढे झाले, कार्डे तीन-चार खाचांची जागा व्यापू लागली. कॅबिनेट तेच ठेवून नुसते कार्ड बदलले, की आधीच्या मोजक्या उष्णतेसाठी बसवलेली वाऱ्याची सारी घडी विस्कटते आणि प्रोसेसरचा पंखाही नव्याने धावू लागतो. जाणकार म्हणूनच नवे कार्ड बसवल्यावर त्याची वीजमर्यादा थोडी खाली ओढतात. वेगात थोडाच फरक पडतो, आवाजात बराच. खेळाचे चित्र नवे होत राहते, कार्ड काही वर्षांत कालबाह्य होते. चांगला हीटसिंक मात्र तसा होत नाही. मदरबोर्डवरची प्रोसेसरची बैठक बदलली, तरी नॉक्टुआ जुन्या ग्राहकांना नव्या बैठकीची जोडणी बहुधा विनामूल्य पाठवते, आणि तोच तपकिरी पंखा पुढच्या यंत्रात फिरू लागतो.