दिडकीचा हिशेब

१/ अपूर्णांक म्हटले की आज अंश, छेद आणि मधली आडवी रेघ आठवते. पंतोजींच्या शाळेत मात्र ती रेघ नव्हती. मूल धूळपाटीवर अक्षरे गिरवी, पाढे घोकी आणि पाठोपाठ पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी पाठ करी. हे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे पाढे होत.

२/ यामागे बाजार होता. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे. शेराच्या १६ छटाका. नाणे आणि वजन दोन्ही निम्मे-निम्मे होत खाली उतरत. दीड आणा शेराचा जिन्नस सात शेर घेतला, तर ‘सात दीड साडेदहा’. साडेदहा आणे, कागदाची गरजच नाही.

३/ लेखनही तसेच सुटसुटीत. पाव म्हणजे एक उभी रेघ : ४। सव्वाचार, ४॥ साडेचार, ४॥। पावणेपाच.

४/ शब्दांत इतिहास दडला आहे. ‘अडीच’ अर्धतृतीयातून आला : दोन पूर्ण आणि तिसरा अर्धा. ‘औट’ अर्धचतुर्थातून, म्हणजे साडेतीन. ‘पाऊण’ म्हणजे पादोन, पाव कमी.

५/ परंतु हे ज्ञान सर्वांच्या वाट्याला येत नव्हते. पेरणीच्या वेळी कुणबी सावकाराकडून वाढीदिढीने धान्य उचली. सुगीला एका मणाचा दीड मण फेडावा लागे. दिडकी सावकाराच्या मुलाला पाठ असे. ऋणकोच्या मुलाला बहुधा शाळाच नसे. वहीतला आकडा पडताळणार कोण?

६/ म्हणूनच १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शिक्षणासाठी मोडी व बाळबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेबाचीही मागणी केली, हे अर्थपूर्ण आहे. हिशेब हे स्वसंरक्षणाचे साधन होते.

७/ १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले; पुढे शेराची जागा किलोने घेतली. दशमानाने आकडेमोड सोपी केली, तशी औटकी निरुपयोगी ठरली. घोकंपट्टी आणि छडी यांचा तो काळ परत यावा, असे कोणी म्हणणार नाही.

८/ तरीही घड्याळात सव्वाचार वाजतात, भाजी पाव किलो मिळते, रांगेत दीड तास जातो. शाळेची पायरी चढण्यापूर्वीच मराठी मुलाच्या कानांवर अपूर्णांक पडलेले असतात. जुन्या शाळेने शिकवणीचा आरंभ तेथून केला होता. आजच्या वर्गातही तो तेथून करता येईल.