गुऱ्हाळाचे चुलवाण आणि वायूचा प्रसार

1876-77च्या भीषण दुष्काळाने होरपळलेल्या बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत, 1885च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचे पाणी खेळू लागले आणि जिराईत बाजरीच्या या मुलखात उसाचे फड व त्यांच्यामागोमाग गुऱ्हाळे उभी राहिली. सरकारी दप्तरांत पाण्याचा आणि पाणीपट्टीचा तपशील उदंड. चुलवाणातील हवेचा हिशेब मात्र चिपाडे सारणाऱ्या चुलव्याच्या अंगवळणीच राहिला.

काहिलीखाली जाळ धडधडू लागला की तापलेले वायू प्रसरण पावून विरळ व हलके होतात, धुराड्यावाटे वर चढतात आणि त्यांची जागा घेण्यासाठी बाहेरची जड, थंड हवा चुलवाणाच्या तोंडातून आत घुसते. दाब कायम असता वायूचे आकारमान दर अंशामागे, शून्य अंश सेल्सिअसला असलेल्या आकारमानाच्या सुमारे 1/273 भागाने वाढते; वायूंच्या अशा समान प्रसरणाचा नियम फ्रेंच शास्त्रज्ञ गे-ल्युसाक याने 1802 साली प्रसिद्ध केला. त्याचे श्रेय त्याने आपल्याआधी असेच प्रयोग केलेल्या शार्लला दिले, हे त्याच्या सौजन्याचे द्योतक होय. या हिशेबाने 27 अंशांची हवा 327 अंशांवर गेली, तर तिचे आकारमान दुप्पट होते. पहाटेच्या गारठ्यात बाहेरची हवा अधिक जड असल्याने धुराडे अधिक जोराने ओढते.

पुढे इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा साखर कारखाना उभा राहिला. त्याच्या बॉयलरच्या उंच धुराड्यालाही हाच नियम लागू होता.