सर्पगंधा, केईएम आणि पेंगणारे ससे

सर्पगंधा हे नाव आपण बहुतेकांनी शाळेत औषधी वनस्पतींच्या यादीत एका ओळीत वाचलं आणि परीक्षेनंतर विसरलो. पण मेंदूतल्या पेशी एकमेकींशी कशा बोलतात हे कळण्यात या झुडपाच्या मुळाचा बराच हात आहे. आणि ती गोष्ट चक्क परळच्या केईएममधून जाते!

मूळ तसं जुनंच. झोप नाही, वेड लागलंय, साप चावलाय, कशावरही द्यायचे. बिहारकडे तर त्याला सरळ 'पागल की दवा' म्हणत. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं, की याने माणूस शांत होतो आणि रक्तदाबही उतरतो. पण ते छापून आलं इथल्याच नियतकालिकात, त्यामुळे बाहेर फारसं कोणी वाचलं नाही.

मग आले डॉ. रुस्तम जाल वकील. जन्म १९११, शिक्षण लंडनला, काम मुंबईत केईएमला. १९४९ मध्ये त्यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये रक्तदाबाच्या ५० पेशंट्सवरचे आकडे मांडले. माझ्या मते खरा टर्निंग पॉइंट हाच. "आमच्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं" म्हणणं सोपं असतं. दाब आधी किती होता आणि नंतर किती झाला हे टेबलात भरणं कंटाळवाणं काम. पण बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्सना पटलं ते टेबल.

पुढे गाडी सुसाट सुटली. १९५२ मध्ये बाझेलच्या सिबा कंपनीतल्या लोकांनी मुळातून रिसर्पिन वेगळं केलं, आणि १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइननी ते मनोरुग्णांना दिल्याचं प्रसिद्ध केलं. पण ते करतं काय? १९५५ मध्ये अमेरिकेत ब्रोडी, प्लेचर आणि शोअर यांना दिसलं, की रिसर्पिन दिलं की मेंदूतलं सिरोटोनिन जवळजवळ गायब होतं.

आता जरा आपल्या भाषेत. चेतापेशीच्या टोकाला बारीक पिशव्या असतात. त्यांत सिरोटोनिन, डोपामिन, नॉरअॅड्रिनलिन भरून ठेवलेलं असतं. विजेचा सिग्नल टोकाला पोचला की पिशवी फुटते आणि माल शेजारच्या पेशीवर पडतो. रिसर्पिन या पिशव्या भरणारा पंपच जाम करतं. बाहेर राहिलेला माल एन्झाइम्स फस्त करतात. म्हणजे सर्व्हर चालू, नेटवर्क चालू, पण प्रत्येक पॅकेट रिकामं! मग नाडी मंदावते, दाब उतरतो, गुंगी येते. काहींची भूक वाढून वजनही वाढतं.

१९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसननी सशांना रिसर्पिन दिलं. ससे कान पाडून नुसते पेंगत बसले. मग त्यांना एल-डोपा टोचलं, ज्यापासून शरीर डोपामिन बनवतं. थोड्याच वेळात ससे उड्या मारायला लागले. इथून व्हिएन्नाचे होर्नीकीविच पार्किन्सन्सपर्यंत पोचले: त्या पेशंट्सच्या मेंदूत डोपामिनच कमी असतं. एल-डोपा आजही त्या आजाराचं मुख्य औषध आहे. कार्लसनना २००० साली नोबेल मिळालं. वकिलांना त्याच १९५७ साली लास्कर पुरस्कार मिळाला होता, क्लाइन वगैरे मंडळींबरोबर. आपल्याकडे किती जणांना त्यांचं नाव माहीत आहे? असो.

माझे आजोबा ऐंशीच्या दशकात रिसर्पिन असलेली बीपीची गोळी घ्यायचे. आजी सांगते, त्या दोन वर्षांत माणूस नुसता खिडकीशी बसून असायचा. पेपरसुद्धा उघडायचे नाहीत. घरच्यांनी ठरवलं, रिटायर झालेत, होतं असं. गोळी बदलली आणि काही महिन्यांनी ते पुन्हा पर्वतीला जायला लागले. गोळीमुळेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. रिसर्पिनने काही पेशंट्स खचतात, या निरीक्षणाचा 'नैराश्य म्हणजे मेंदूतल्या रसायनांची कमतरता' ही थिअरी उभी राहण्यात मोठा वाटा होता. पण नंतर पुरावे पुन्हा तपासले तेव्हा ते वाटले होते तेवढे पक्के निघाले नाहीत, आणि ती थिअरीही आता फार ढोबळ मानली जाते. तरी आजीला विचाराल तर तिचा निकाल केव्हाच लागलाय.

सर्पगंधेच्या गोळ्या आयुर्वेदिक दुकानात आजही मिळतात. ऑफिसात एकजण झोपेसाठी घेतो, "हर्बल आहे रे, काय होतंय" म्हणत. बीपीची गोळी आधीच चालू आहे त्याची. त्याला मी परवा सशांची गोष्ट सांगितली.