नावाचे माप आणि यंत्राचे माप

कामगाराचे नाव हजेरीपटावर पुरते लागणे ही क्षुल्लक बाब नव्हे. नाव अर्धे राहिले की मजुरी कोणाच्या हाती द्यायची, असा तंटा उभा राहतो. हजेरीपट आता यंत्रात गेला आहे. तेव्हा यंत्र नाव कसे वाचते, हे आपणही समजून घेतले पाहिजे.

या प्रश्नाचा इतिहास जुना आहे. 1890 च्या अमेरिकन जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांची भोके पाडलेली कार्डे वापरली गेली. 1928 मध्ये आयबीएम कंपनीने कार्डावर 80 स्तंभ केले. एका स्तंभात एक अक्षर. नावाला 20 स्तंभ नेमले की एकविसावे अक्षर बाहेर! कार्डे गेली, पण माप आधी ठरवण्याची रीत उरली. 1972 च्या सुमारास डेनिस रिची यांनी 'सी' भाषा घडवली. तिच्यात फाइलमधली ओळ वाचण्यापूर्वी जागा राखावी लागते. 'गेट्स' ही आज्ञा ती जागा किती, हे पाहतच नसे. लांब ओळ शेजारच्या जागेवर सांडे. 1988 चा मॉरिस वर्म ज्या वाटांनी यंत्रांत शिरला, त्यांतली एक हीच. 2011 च्या प्रमाणातून 'गेट्स' वगळली गेली. तिची बहीण 'एफगेट्स' मापाने घेते, शेवटच्या खुणेसाठी एक बाइट राखते आणि उरलेली ओळ फाइलमध्येच ठेवते.

आता आपल्या मुलखाकडे वळू. गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्याचे नाव रोमन लिपीत 10 बाइटांत मावते. देवनागरीत 5 व्यंजने आणि 3 मात्रा, अशी 8 चिन्हे होतात. 1991 च्या इस्की प्रमाणात त्यांना 8 बाइट पुरत; यूटीएफ-8 मध्ये प्रत्येक चिन्हाला 3, म्हणजे 24 लागतात. 20 बाइट राखले, तर खूण वजा जाता 19 उरतात. 'गडचिरो' एवढेच येते, आणि मागोमाग 'ल'चा एक तुटका तुकडा. राहिलेले शेपूट पुढच्या वाचनात वर येते. कार्यक्रम लिहिणाऱ्याने ओळ संपली की नाही हे तपासले नसेल, तर ते शेपूटच पुढचा मजूर ठरते. नाव एकाचे तुटते, हजेरी साऱ्या यादीची घसरते.

उपाय अवघड नाही. ओळीचा शेवट दिसेपर्यंत तुकडे जोडावेत, जागा वाढवावी, आणि कापणे भागच असेल तर अक्षराच्या सीमेवर कापावे.

2006 च्या वनहक्क कायद्याखाली मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. असे हक्क कागदावरच्या नोंदीवर उभे असतात. म्हणून मापासाठी माणसाचे नाव छाटू नये. नावासाठी माप वाढवावे, ही मागणी आपण केलीच पाहिजे.