रमाबाई–जेराल्डिन पत्रव्यवहार

पंडिता रमाबाई (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) आणि इंग्लंडमधील वाँटेजच्या मठातील सिस्टर जेराल्डिन यांच्यातील पत्रव्यवहार. त्यातील वादाची पत्रे मुख्यतः १८८४ ते १८८६ या काळातील आहेत. बाप्तिस्मा घेतलेल्या व्यक्तीने बायबलचा अर्थ स्वतः लावावा, की चर्चने लावून दिलेला अर्थ मुकाट्याने स्वीकारावा, हा त्यातील मूळ प्रश्न. ख्रिस्ताला मानूनही धर्माधिकाऱ्यांना जाब विचारता येतो, हे एका मराठी स्त्रीने ठामपणे मांडल्याचा हा महत्त्वाचा लेखी पुरावा आहे.

पार्श्वभूमी : रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले, म्हणून त्यांना शास्त्रीमंडळींचा रोष पत्करावा लागला. आईकडून रमाबाई पुराणे शिकल्या. १८७८ मध्ये कोलकात्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. शास्त्रग्रंथ परस्परांशी सहमत नाहीत, स्त्रिया आणि शूद्र यांना कमी लेखण्यात मात्र त्यांचे एकमत होते, असा निष्कर्ष त्यांनी स्वतःच्या वाचनातून काढला. ग्रंथ एक सांगतो आणि त्याचे रखवालदार दुसरेच सांगतात, हा अनुभव इंग्लंडला जाण्याआधीच त्यांच्या गाठीशी होता. १८८३ मध्ये त्या वाँटेजला गेल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला त्यांनी मुलगी मनोरमा हिच्यासह अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता झाल्या.

वादाचे मुद्दे : पहिला मुद्दा सिद्धान्ताचा होता. पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे त्रैक्य आणि ख्रिस्ताचे देवत्व यांविषयी रमाबाईंनी शंका मांडल्या. चर्चच्या श्रद्धेचे सूत्र सांगणारा अथानेशियन विश्वासांगीकार न मानणाऱ्याचा नाश होईल, ही त्यातील धमकी त्यांना पटेना. बायबलमध्ये स्पष्ट आधार दाखवा, असा त्यांचा आग्रह होता. आपण ख्रिस्ताच्या मंडळीत आलो आहोत, पण पाद्री किंवा बिशप यांच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द मानायला आपण बांधलेलो नाही, ही त्यांची भूमिका होती. ब्राह्मण पुरोहितांचे जू मानेवरून उतरवल्यावर दुसरे तसलेच जू घेण्याची त्यांची तयारी नव्हती. इंग्लंडमधील अनेक पंथ पाहून त्यांचा गोंधळही झाला होता. प्रत्येक पंथ आपलाच अर्थ खरा म्हणत असेल, तर निवाडा कोणी करायचा?

दुसरा मुद्दा अधिकाराचा. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत असताना रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा बेत पुढे आला. मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी त्याला हरकत घेतली. भारतात पुरुषांच्या सभांमध्ये व्याख्याने दिलेल्या रमाबाईंना हा निर्णय परस्पर व्हावा, हे मान्य नव्हते.

तिसरा मुद्दा भाषेचा. त्यांना घालण्यासाठी दिलेल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. आपल्याला आणि आपल्या लोकांना न कळणारे शब्द अंगावर का मिरवायचे, लॅटिन संस्कृतपेक्षा अधिक पवित्र कशी, असे त्यांनी विचारले.

जेराल्डिन यांना या प्रश्नांमागे अहंकार दिसला. नव्या शिष्येने आधी आज्ञा पाळावी, आकलन मागाहून येईल, असे त्यांचे मत होते. चेल्टनहॅमच्या प्राचार्य डोरोथिया बील यांनी मात्र शंकांना शंका म्हणून उत्तरे दिली. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि वाँटेजची देखरेख संपली.

पुढील वाटचाल : ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत स्त्रियांसाठी शारदा सदन सुरू केले. ते पुढे पुण्यात आणि नंतर केडगावला गेले. श्रद्धेच्या बाबतीत रमाबाई कालांतराने रूढ सुवार्तावादी मतांच्या जवळ आल्या. आरंभीच्या अनेक शंका मावळल्या. ग्रंथ स्वतः वाचण्याचा हट्ट मात्र सुटला नाही. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या व मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणू लागल्या. प्रचलित भाषांतरातील संस्कृतप्रचुर, वेदान्ती छटेचे शब्द त्यांना खटकत. खेड्यातील बाईला वाचून कळेल अशी भाषा त्यांना हवी होती. त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनातील स्त्रियांनी त्याची छपाई केली. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला.

समांतर उदाहरण : रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली. ‘देवाचा दरबार’ या त्यांच्या नव्या मंडळीत बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती.   

मूल्यमापन : या वादात रमाबाई नेहमीच बरोबर होत्या, असे नाही. भाषांतरात कोणता शब्द ठेवायचा आणि कोणता वर्ज्य करायचा, हे ठरवताना त्यांनीही अर्थ लावलाच, आणि तोही ठाम विश्वासाने. त्यांचे भाषांतर चर्चमध्ये रूढ झाले नाही. तरी अर्थ सांगणाऱ्याने आधार दाखवावा आणि ऐकणाऱ्याच्या हाती ग्रंथ त्याच्या भाषेत द्यावा, ही त्यांची मागणी न्याय्य होती. ती कोणत्याही धर्मपीठाला लागू पडते. पत्रांचे संकलन स्वतः जेराल्डिन यांनीच केले. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला हा संग्रह महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केला. त्यात प्रश्न आणि उत्तरे, दोन्ही बाजू आहेत. निवाडा वाचकाने स्वतः वाचून करावा.