तीन आज्ञांचा इतिहास

वस्तु मिळणें ही एक गोष्ट आणि ती वस्तु आपल्या हातानें करतां येणें ही दुसरी. बाजारांतून आणलेला मेतकुटाचा डबा आणि आजीनें लिहून दिलेली मेतकुटाची कृति यांत जो भेद आहे, तोच भेद संगणकाच्या जगांत दोन प्रकारच्या आज्ञावलींत आहे. एक प्रकार डब्यासारखा. डबा उघडावा आणि वापरावा. आंत काय घातलें आहे तें विचारूं नये. दुसऱ्या प्रकारांत डब्याबरोबर कृतीचा कागदहि हातीं येतो. तो वाचावा, रुचेल तसा त्यांत फरक करावा, आणि पदार्थ आपल्या घरीं आपल्या चुलीवर शिजवावा. या दुसऱ्या प्रकारास मुक्तस्रोत म्हणतात.

मनुष्य जी आज्ञावली लिहितो ती त्याला वाचतां येईल अशा भाषेंत असते; तिला मूळ संहिता म्हणावें. यंत्रास मात्र केवळ शून्य आणि एक या अंकांची भाषा कळते. या दोघांमधील दुभाष्याचें काम करणारी एक निराळीच आज्ञावली असते, तिचें नांव कंपायलर. कंपायलरनें अंकांत उतरविलेली आज्ञावली चालते उत्तम, पण ती माणसाला वाचतां येत नाहीं. म्हणून ज्याला स्वतः घडवावयाचें असेल त्यानें मूळ संहिता मिळवावी, संगणकापुढें बसावें, आणि पडद्यावरील चित्रांच्या वाटेस न जातां तीन आज्ञा अक्षरांनीं टंकाव्या: ‘कॉन्फिगर’, ‘मेक’ आणि ‘मेक इन्स्टॉल’. पहिलीचा अर्थ ‘घर पाहून घे’, दुसरीचा ‘घडव’, आणि तिसरीचा ‘जागच्या जागीं बसव’. या तीन आज्ञा टंकावयास एक मिनिटहि लागत नाहीं. त्या सिद्ध होण्यास मात्र पंधरा वर्षें लागलीं, आणि त्यांच्यांत काय दडूं शकतें हें कळावयास आणखी तेहतीस.

या कथेचा आरंभ अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत, मरे हिल या गांवीं होतो. तेथें बेल टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा होती. १९६९ सालीं केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनीं तेथें युनिक्स नांवाची संगणकाची कार्यव्यवस्था रचावयास घेतली. १९५६ सालच्या एका न्यायालयीन तडजोडीमुळें टेलिफोनखेरीज इतर धंद्यांत पडण्याची या कंपनीस मोकळीक नव्हती. त्यामुळें युनिक्स बाजारांत मांडतां येईना. विद्यापीठांनीं मागणी केली कीं अल्प मोबदल्यांत चुंबकीय फितीवर ती पाठविली जाई, आणि फितीवर मूळ संहिताहि असे. पुढें अडचण आली तर कंपनी मदतीस येणार नाहीं, हीहि त्यांतली एक अट होती. या अटीचा परिणाम मोठा चांगला झाला. मदत नाहीं म्हटल्यावर लोक संहिता वाचूं लागले, चुका शोधूं लागले, आणि सांपडलेल्या दुरुस्त्या एकमेकांस कळवूं लागले.

ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स विद्यापीठांत जॉन लायन्स नांवाचे अध्यापक होते. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा गाभा सुमारें नऊ हजार ओळींचा होता. लायन्स यांनीं १९७६-७७ च्या सुमारास ती संहिता विद्यार्थ्यांसाठीं छापली आणि, आपल्याकडे सूत्रांवर भाष्य लिहावें त्याप्रमाणें, तिच्यावर दुसऱ्या पुस्तिकेंत विवरण लिहिलें. परंतु १९७९ सालीं सातव्या आवृत्तीच्या परवान्यांत ही संहिता वर्गांत शिकविण्यास मनाई आली. मग त्या भाष्याच्या छायाप्रती, आणि त्या छायाप्रतींच्याहि छायाप्रती, हातोहात फिरत राहिल्या. ग्रंथरूपानें तें उघडपणें निघालें तें १९९६ सालीं. वाचण्याची एकदां लागलेली गोडी मनाईनें जात नाहीं, हें यावरून दिसतें.

संहिता हातीं आली तरी ती घडविणें सोपें नव्हतें. मोठी आज्ञावली अनेक फायलींत विभागलेली असते. एका फाइलींत बदल केला कीं तिचें भाषांतर नव्यानें झालें पाहिजे, आणि जी जी फाइल तिच्यावर अवलंबून असेल तिचेंहि. प्रत्येक वेळीं सगळेंच पुन्हा करावें तर त्या काळच्या मंद यंत्रावर फार वेळ जाई. निवडून करावें तर एकादी फाइल विसरली जाई. मरे हिल येथें १९७६ सालीं असेंच झालें. स्टीव्ह जॉन्सन यांची एक संपूर्ण सकाळ अगदीं निर्दोष आज्ञावलींतील दोष शोधण्यांत गेली. दोष त्यांनीं पूर्वींच दुरुस्त केला होता. पण दुरुस्त केलेल्या फाइलीचें भाषांतर करावयाचें राहून गेल्यामुळें यंत्र जुनाच पाठ म्हणत होतें. ते संतापून सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलींत आले. फेल्डमन यांची आदली संध्याकाळ तशाच फजितीत गेली होती. त्या आठवड्याच्या अखेरच्या सुटींत फेल्डमन यांनीं ‘मेक’ रचलें.

‘मेक’ची कल्पना अगदीं साधी आहे. कोणती वस्तु कोणत्या वस्तूंपासून होते आणि ती कशी करावयाची, हें एका कागदावर लिहून ठेवावें. मग यंत्रानें प्रत्येक फाइलीची वेळ पाहावी. साहित्य नवें आणि पदार्थ जुना असेल तेवढाच पदार्थ पुन्हा करावा. पोळ्या शिळ्या झाल्या म्हणून कोणी गहू पुन्हा दळून आणीत नाहीं, तशांतलाच हा प्रकार. या कागदांतील कृतीची प्रत्येक ओळ ‘टॅब’ या कोऱ्या चिन्हानें सुरू झाली पाहिजे, असा नियम फेल्डमन यांनीं केला. टॅब आणि साधी मोकळी जागा डोळ्यांना सारख्याच दिसतात, पण मोकळी जागा ‘मेक’ला चालत नाहीं. ही अडचण फेल्डमन यांच्या ध्यानीं आली तोंवर ‘मेक’ वापरणारे सुमारें बाराजण झाले होते आणि त्यांत बहुतेक मित्रच होते. त्यांची घडी विसकटूं नये म्हणून त्यांनीं नियम तसाच ठेवला. त्या बाराजणांच्या भिडेखातर जगभरचे आज्ञावलीकार आजहि टॅबशीं झगडत असतात! २००३ सालीं संगणकशास्त्रज्ञांच्या अमेरिकन संस्थेनें फेल्डमन यांना ‘मेक’बद्दल पारितोषिक दिलें.

पुढील दशकांत वारें पालटलें. १९८४ सालीं टेलिफोन कंपनीचें विभाजन झालें, तिच्यावरील जुनें बंधन सुटलें आणि युनिक्स हा व्यापाराचा माल झाला. अनेक कंपन्यांनीं आपापलीं निरनिराळीं युनिक्सें काढलीं, आणि मूळ संहिता कुलपांत जाऊं लागली. या कुलपाविरुद्ध रिचर्ड स्टॉलमन उभे राहिले. ते मॅसॅच्युसेट्स येथील प्रसिद्ध तंत्रविद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत काम करीत. २७ सप्टेंबर १९८३ रोजीं त्यांनीं ‘ग्नू’ या नांवानें एक संपूर्ण मुक्त कार्यव्यवस्था रचण्याचा संकल्प जाहीर केला, आणि पुढल्या जानेवारींत नोकरी सोडून काम आरंभिलें. मुक्त म्हणजे फुकट नव्हे, हें त्यांच्या वर्तनावरूनच कळतें. १९८५ सालीं आपल्या ‘ईमॅक्स’ या लेखनसाधनाची फीत ते दीडशें डॉलर घेऊन पाठवीत. मात्र फीत घेणारास ती वाचण्याची, बदलण्याची आणि दुसऱ्यास देण्याची पूर्ण मोकळीक असे. १९८७ सालीं त्यांचा मुक्त कंपायलर प्रसिद्ध झाला. दुभाष्याच मुक्त झाल्यामुळें घडविण्याचें मुख्य हत्यार सामान्य माणसाच्या हातीं आलें.

आतां नवीच अडचण उभी राहिली. प्रत्येक कंपनीचें युनिक्स थोडें थोडें वेगळें. एकावर असलेली सोय दुसऱ्यावर नसे, किंवा निराळ्या नांवानें असे. एका यंत्रासाठीं लिहिलेली कृति दुसऱ्या यंत्रावर नासे. ग्नूच्या लहानमोठ्या साधनांची देखभाल डेव्हिड मॅकेन्झी यांच्याकडे होती. साधन घडवूं पाहणारास आपल्या यंत्राची वैशिष्ट्यें स्वतः ओळखून सुमारें वीस खुणा हातानें भराव्या लागत. एक खूण चुकली कीं सारें फसे. जून १९९१ मध्यें मॅकेन्झी यांनीं यावर उपाय योजला. माणसाला प्रश्न विचारण्याऐवजीं यंत्रालाच विचारावें! ‘कॉन्फिगर’ ही लहानशी पटकथा चिमुकल्या आज्ञावली लिहिते, त्या कंपायलरकडे देऊन पाहते, आणि एक एक गोष्ट येथें आहे कीं नाहीं तें ठरविते. सुगरण परक्या घरीं गेली म्हणजे आधीं डबे उघडून पाहते, तसें हें. अशा पटकथा आपोआप तयार करण्यासाठीं मॅकेन्झी यांनीं ‘ऑटोकॉन्फ’ हें साधन रचलें, आणि तीन आज्ञांची साखळी पुरी झाली.

त्याच जून महिन्यांत स्टॉलमन यांच्या सार्वजनिक परवान्याची दुसरी आवृत्ति निघाली. तींत मूळ संहिता कशाला म्हणावें याची व्याख्या आहे. केवळ आज्ञावलीचा मजकूर देऊन भागत नाहीं; ती घडविण्यासाठीं आणि जागेवर बसविण्यासाठीं लागणाऱ्या पटकथाहि दिल्या पाहिजेत, असें ती सांगते. कृतीवांचून साहित्य म्हणजे अर्धेंच दान, हें त्या परवान्यानें ओळखलें होतें.

२५ ऑगस्ट १९९१ रोजीं हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें आपण छंदाखातर एक कार्यव्यवस्था लिहीत असल्याचें कळविलें. तीच पुढें लिनक्स झाली. ग्नूचीं साधनें आणि लिनक्सचा गाभा एकत्र आल्यावर घडविणारांची संख्या भराभर वाढली. पण घडविण्याचा कंटाळाहि वाढला. एक आज्ञावली घडवावी तर तिला दुसरी लागे, दुसरीला तिसरी. आणि हवी ती आवृत्ति मिळेपर्यंत संध्याकाळ होई. म्हणून कांहीं मंडळींनीं हें काम सर्वांच्या वतीनें करण्याचें पतकरलें. १९९३ च्या ऑगस्टमध्यें इयन मर्डॉक यांनीं डेबियन या संघटनेची घोषणा केली. तिचे कार्यकर्ते मूळ संहिता घेऊन ती घडवीत आणि तयार गांठोडें बांधून ठेवीत. १९९९ च्या मार्चमध्यें त्यांच्या नव्या आवृत्तीबरोबर ‘अॅप्ट’ हें साधन आलें. एक आज्ञा दिली कीं हवें तें गांठोडें, आणि त्याला लागणारीं बाकीचीं सगळीं गांठोडीं, आपोआप येऊं लागलीं. मुक्तस्रोत हें नांवहि याच सुमारचें, १९९८ सालचें.

सोय मोठी झाली यांत संशय नाहीं. परंतु सोयीबरोबर एक गोष्ट मागें पडली. कृतीचा कागद अजून प्रत्येकास मिळत होता. तो वाचण्याचें कारण मात्र फारच थोड्यांना उरलें. घरोघरचें जातें गेलें, गिरणीवर विश्वास आला.

या विश्वासाविषयींचा इशारा पुष्कळ आधीं मिळालेला होता. युनिक्सचे जनक केन थॉम्प्सन यांचें ट्युरिंग पारितोषिकाच्या निमित्तानें केलेलें व्याख्यान १९८४ सालीं प्रसिद्ध झालें. कंपायलरमध्यें अशी लबाडी करतां येते कीं तो निर्दोष संहितेचें भाषांतर करतांना त्यांत गुप्त चोरदार बसवील, आणि स्वतःचें नवें भाषांतर करतांनाहि तीच लबाडी पुढें चालवील, हें त्यांनीं त्यांत दाखविलें. संहिता कितीहि वाचली तरी तींत कांहींच सांपडावयाचें नाहीं. लोकांनीं हें व्याख्यान वाखाणलें आणि ते आपापल्या कामास लागले.

२९ मार्च २०२४ रोजीं या इशाऱ्याचा एक निराळाच प्रत्यय आला. अँड्रेस फ्रॉइंड या तज्ज्ञांस आपल्या चाचणीच्या यंत्रावर दूरस्थ प्रवेशाला सुमारें अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचें दिसलें. अर्ध्या सेकंदाची ती तक्रार सोडून न देतां त्यांनीं तिचा माग काढला, तो ‘एक्सझेड’ या फायली आकुंचित करणाऱ्या साधनापर्यंत पोंचला. टोपणनांवानें वावरणाऱ्या कोणी एकानें दोन वर्षांहून अधिक काळ उपयुक्त कामें करून त्या साधनाच्या व्यवस्थेंत शिरकाव केला होता. मग त्यानें चाचणीच्या फायलींत विषारी अंक दडविले. ते बाहेर काढून साधनांत मिसळण्याचें काम केलें कोणीं? ‘कॉन्फिगर’च्या पटकथेनें आणि ‘मेक’नें. आणि पटकथेंतील तो निर्णायक तुकडा सर्वांसमोर असलेल्या मूळ संहितेंत नव्हताच. केवळ वाटण्यासाठीं बांधलेल्या गांठोड्यांत होता. संहिता वाचणारास तो दिसणें शक्य नव्हतें, आणि गांठोडें घेणारानें तें उघडून पाहिलें नव्हतें. नशिबानें हें विष डेबियन, फेडोरा यांसारख्यांच्या चाचणीच्या आवृत्त्यांतच शिरलें होतें. सर्वसामान्यांच्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत तें पोंचलें नाहीं.

याला उत्तर काय? प्रत्येकानें प्रत्येक ओळ वाचावी हें होणारें नाहीं. २०१३ पासून डेबियनचे कार्यकर्ते दुसरा मार्ग आंखीत आले आहेत. एकाच संहितेपासून निरनिराळ्या लोकांनीं निरनिराळ्या यंत्रांवर घडविलेली वस्तु अंकाअंकानें सारखीच निघाली पाहिजे, अशी ती व्यवस्था. दोघांनीं स्वतंत्रपणें केलेला जमाखर्च जुळून पाहावा, तसाच हा प्रकार आहे. गांठोड्यावर विसंबण्यापेक्षां सर्वांसमोर असलेल्या संहितेपासूनच घडवावें, हा आग्रहहि २०२४ नंतर बळावला आहे. अर्थात् जमाखर्च जुळला तरी मुळांतील नोंदच खोटी असेल तर ती वाचूनच काढावी लागते. तेथें ताळा उपयोगी पडत नाहीं.

कृतीचा कागद उघडा ठेवणारांनीं १९९१ सालीं आपलें काम पुरें केलें. तो कागद उघडा होता म्हणूनच फ्रॉइंड यांना चोराचा माग काढतां आला. डबा बंद असता तर अर्ध्या सेकंदाची तक्रार तक्रारच राहिली असती. पण कागद उघडा होता एवढ्यानें चोर सांपडला नाहीं. तो सांपडला, कारण कोणी तरी तो वाचावयास बसलें.